ताईच्या मळ्यातलं शिसं

शहराच्या कचरा डेपोवरच्या मुकादमाला सगळे 'नाकवाले' म्हणत, आणि त्यात चेष्टेपेक्षा कौतुकच जास्त होतं. गडी खताच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर खत नाकाशी धरून डोळे मिटायचा. आंबूस वास आला की ढीग पुन्हा उलथायला लावणार. ओल्या मातीचा आला की म्हणणार, भरा पोती. आयुष्य त्यातच गेलं बिचाऱ्याचं. बायको म्हणायची, आधी तुमचा वास घरात येतो, मग तुम्ही.

त्याच्या थोरल्या बहिणीचा शहराला लागून भाजीचा मळा होता. शहराचं खत ती मुळीच घ्यायला तयार नव्हती. गावभरची घाण माझ्या पालकाला कशाला, म्हणायची. यानेच छाती ठोकून सांगितलं, ताई, माझ्या नाकाखालून गेलेलं खत आहे. भावाचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. वर्षानुवर्षं पोती पडत राहिली आणि पालक असा माजला की बाजारात लोक हातातून ओढून नेत.

मग प्रयोगशाळेतल्या बाई आल्या. त्यांनी खताचे, आसपासच्या मातीचे, भाज्यांचे नमुने नेले. ताईच्या पालकात शिसं निघालं. बाईंनी नीट समजावून सांगितलं. कचरा सगळा एकत्र येतो. जुन्या बॅटऱ्या, रंगाचे पोपडे, सगळं त्यातच भरडलं जातं. पाला कुजतो, शिसं कुजत नाही, आणि या खतात नाकाला ते कळणारही नाही. लहान मुलांच्या मेंदूला तर फार वाईट.

डेपोचे साहेब मुकादमाला म्हणाले, पुन्हा तपासणी होऊ दे, तोवर कुठे बोलू नका. सोपंच होतं की! गप्प बसायला काय लागतं? पण तोवर भाजी रोज बाजारात जाणार होती. त्याने गप्प बसूनही पाहिलं, पण जमेना.

शेवटी एका सकाळी तो मळ्यात गेला. ताई जुड्या बांधत होती. मान खाली घालून त्याने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"निघेल ना रे ते जमिनीतून?" तिने विचारलं.

"आपल्या हयातीत तरी नाही, ताई."

तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. तिने हातातल्या जुडीची गाठ सोडली.

"तुझ्या नातीसाठी मी कोवळा कोवळा वेगळा काढून द्यायचे," ती म्हणाली.

त्याला रडू आवरेना. मग दोघंही वाफ्यात बसून पालक उपटू लागली. ऊन चढेपर्यंत बांधावर हिरवागार ढीग झाला. ताईने सवयीने त्यातला भारा उचलला आणि कोपऱ्यातल्या खताच्या खड्ड्याकडे निघाली.

"तिथे नको," तो म्हणाला.

"मग टाकू कुठे?"

साऱ्या शहराचा कचरा कुठे टाकायचा हे सांगण्यात जन्म गेला होता त्याचा. त्याने तिच्या हातातला भारा घेतला आणि तो तसाच छातीशी धरून उभा राहिला.