आईच्या मेंदूसाठी नव्या पेशी

मागच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन कारंज्याला गेले होते. मेंदूच्या डॉक्टर मॅडम महिन्यातून एकदा तिथे येतात... आईला पार्किन्सन्स आहे.

आई कामरगावच्या अंगणवाडीत सेविका होती. गोष्ट सांगताना माकड, म्हातारी, वाघ सगळे तिच्या चेहऱ्यावर उतरायचे. रडत आलेलं पोरगं बघता बघता हसायला लागायचं.

आता हात थरथरतो, चालता चालता पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं थांबतं. पण मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच... तिचा चेहरा हलत नाही. आतून हसू आलं तरी वर काही दिसत नाही.

दिवाळीच्या सुमारास मावसभावाने एक व्हिडिओ पाठवला होता. मोठ्या शहरातलं कुठलंसं क्लिनिक... 'स्टेम सेलने पार्किन्सन्स कायमचा बरा!' त्यात एक आजोबा चक्क धावत होते. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला, सांगता येणार नाही. शेवटी फोन करून अपॉइंटमेंटही घेतली. बाबांनी माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसून ठेवली.

आईच म्हणाली, "जायच्या आंधी आपल्या म्याडमले एकडाव इचारून तं घ्या."

मॅडमनी व्हिडिओ पूर्ण पाहिला. चिडल्या नाहीत की हसल्या नाहीत. म्हणाल्या, यातली मूळ कल्पना खरी आहे. या आजारात मेंदूतल्या डोपामिन हे हालचाल सांभाळणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. तशा पेशी स्टेम सेलपासून, म्हणजे ज्यांतून वेगवेगळ्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशींपासून, प्रयोगशाळेत तयार करायच्या आणि थेट मेंदूत नेऊन लावायच्या, यावर काम चालू आहे.

बाबा पिठाची चक्की सांभाळून थोडी मिरचीही लावतात. त्यांनी लगेच विचारलं, "म्हंजे रोप वाफ्यात तयार करून मंग वावरात लावतो, तसंच?"

"अगदी तसंच काका."

"मंग लागते का रोप?"

मॅडम म्हणाल्या, "काही जणांत लागलंय. थोडा फरकही दिसलाय. पण हे अजून मोजक्या पेशंट्सवर, परदेशात चालू आहे, तेही कवटीला बारीक छिद्र पाडून. हे क्लिनिकवाले हाताच्या शिरेतून पेशी सोडतात. त्याने मेंदूत नव्या पेशी रुजतात, असा काही पुरावा नाही. काकूंना त्रास मात्र होऊ शकतो. माझी आई असती तर मी नेलं नसतं."

मी खाली बघत राहिले. धावणारे आजोबा डोळ्यांसमोरून जाईनात.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "म्याडम, त्या पेशी कोणाच्याबी चालतात का? माह्या डोक्यातल्या काढून हिले नाई का लावता येत? माह्या थोड्या कमी झाल्या तं चालते..."

ते गंमत करत नव्हते. दोन्ही हात टेबलावर ठेवून उत्तराची वाट बघत होते. आपल्या बायकोविषयी चारचौघांत एक शब्द न बोलणारा हा माणूस...

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तसं नाही होत काका. मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या पेशी अशा काढून लावता येत नाहीत."

तेवढ्यात आईचा बारीक आवाज आला. हल्ली तिचं बोलणं ऐकायला कान जवळ न्यावा लागतो, पण हे सगळ्यांना ऐकू आलं. "यायच्या डोक्यातल्या नका लावू बाप्पा... मंग मी बी दिवसभर चष्मा कुठं ठेवला म्हणून घर धुंडाळत फिरीन."

मॅडम हसल्या, मी हसले, बाबा तर डोळे पुसत हसले. आईचा चेहरा तसाच, स्थिर... पण खांदे गदगदा हलत होते. आणि ती आजाराची थरथर नव्हती.

मॅडमनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. पाऊल अडकलं की काय करायचं, ते बाबांना चालून दाखवलं. बाहेर आल्या आल्या मी क्लिनिकला फोन करून सांगितलं, आम्ही येत नाही.

आजार गेलेला नाही. पण गोळ्यांच्या वेळा बदलल्यापासून सकाळ जरा सोपी जाते. जन्मभर चार पावलं पुढे चालणारे बाबा आता रोज संध्याकाळी तिच्या बाजूने चालतात. तिचं पाऊल अडकलं की भर रस्त्यात मोठ्याने म्हणतात, "डावा... उजवा... डावा..." लोक बघतात. बघू देत.

कुठल्या तरी प्रयोगशाळेत कोणी तरी त्या पेशींची रोपं सांभाळत असेल... त्यांचे आभार. आणि आमच्या मॅडमचेही, त्यांनी आशा ठेवली, पण खोटी विकली नाही.

परवा मी आईला विचारलं, वाईट वाटलं का गं? म्हणाली, "येईन तवा येईन तो इलाज. मले नाई तं दुसऱ्या कोणाले कामी पडन. चाल, तुह्ये बाबा चप्पल घालून उभे हायेत."