आमच्या माळ्यावरचा किरणोत्सर्ग

अमेरिकेत एका अणुभट्टीला अपघात झाला आणि भिवंडीत आमचे पावसाळ्याचे सुके बोंबील गेले. या दोन घटनांच्या मध्ये फक्त मी होते.

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. माहेर कल्याणचं. पोरगी मॅट्रिक व्हावी म्हणून आईने मला चुलीकडे फिरकूच दिलं नव्हतं, त्यामुळे बोंबील ही वस्तू मला आयुष्यात थेट ताटातच भेटलेली. (तिथे आमचं छान जमायचं!) सासरी मात्र बोंबलाचा मान देवाच्या खालोखाल. पावसात ताजी मासळी मिळत नाही, म्हणून सासूबाई उन्हाळ्यातच बोंबील, सुकट, सोडे भरून ठेवत आणि त्या डब्यांना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. पण त्या वर्षी नेमकं नणंदेचं बाळंतपण निघालं आणि त्यांना तिच्याकडे कोन गावाला जावं लागलं.

निघताना त्यांनी मला डब्यांसमोर उभं केलं. "कुंदा, रोज ऊन दाव. उन्हं कलली का परत डब्यात भर. मांजराला लांब ठेव. बाकी काय बी करू नको. समजलं?"

"हो, आई."

"काय बी म्हंजे काय बी न्हाय!"

इतकी सोपी जबाबदारी बिघडवायची तर माणूस खास शिकलेला लागतो. तो घरात होता.

त्याच सुमारास पेपरात अणुभट्टीची बातमी आली. आमच्या आळीच्या नळावर बायका हंडे मांडून पाण्याची वाट बघत बसायच्या. तिथे मी रोज सकाळी पेपर वाचून दाखवू लागले. वाचता वाचता समजावूनही सांगू लागले. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणजे काय, हे ज्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं त्यांची ती सकाळची सोय होती.

"या किरणांना रंग नसतो, वास नसतो, चव नसते," मी सांगितलं.

"मंग ती हायेत हे कसं कळतं गो?" शेजारच्या जनाकाकूंनी विचारलं.

"शास्त्रज्ञांकडे यंत्र असतं."

"आनि आपल्याकडं?"

'आपल्याकडे मी आहे,' असं मी म्हणाले नाही. चेहरा मात्र तसाच केला.

मग कुणीतरी आठवण काढली की अणुभट्टी तर आपल्याच जिल्ह्यात, तारापूरलाही आहे. (तेव्हा जिल्हा एकच होता.) तिथे सगळं सुरळीत होतं. बिघडलं ते माझं डोकं! कारण आमचे बोंबील त्याच किनाऱ्यावरून आले होते. त्यात पेपराने लिहिलं की किरणांची धूळ वस्तूंवर बसते, म्हणून तिकडच्या लोकांना खाण्याचे पदार्थ भरपूर पाण्याने धुवायला सांगितलंय. मी डब्यांकडे पाहिलं. सासूबाई कोनला, हे कारखान्यात ड्युटीवर. घराण्याचे प्राण वाचवायला मी एकटी!

(ज्यांनी कधी सुके बोंबील हाताळलेत, त्यांनी पुढचा भाग जरा बसून वाचावा.)

मी सगळे बोंबील घंगाळात घातले आणि धुतले. एका पाण्याने मन भरेना, म्हणून पुन्हा धुतले. मग धुण्याचा सोडा टाकून खसाखसा चोळले. सुकट आणि सोडे त्याच पाण्यात बुडवून काढले. बोंबील फुगून असे काही टवटवीत दिसू लागले की मला भरून आलं. वाटलं, बिचारे इतके दिवस नुसते तहानलेले होते! आता हे उन्हात टाकावेत तर वरून पुन्हा किरणं पडणार. म्हणून मी ते ओलेच डब्यांत भरले, झाकणं ठोकून घट्ट बसवली आणि डबे पत्र्याखालच्या माळ्यावर चढवले. भिवंडीत मे महिन्यात पत्र्याखाली काय उकडतं ते सांगायला नको. त्या रात्री मी फार समाधानाने झोपले.

पुढचे दोन दिवस काही घडलं नाही. मग एका दुपारी माळ्यावर 'फाट्!' असा आवाज झाला. एका डब्याचं झाकण उडून थेट पत्र्यावर आदळलं होतं. पाठोपाठ दुसरं उडालं. आणि मग वास सुटला. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही, वाचकांनी माझं काय वाईट केलंय?

जनाकाकू पदर नाकाला लावून धावत आल्या. "कुंदा! काय फुटलं गो?"

"काही नाही, काकू."

"काही न्हाय कसं? वास बघ किती सुटलाय! किरणं तर न्हाय ना आली?"

तेवढ्यात समोरच्या कापडाच्या लूमच्या शेडमधून मुकादम युसूफभाई रुमाल बांधून बाहेर आले. "भाभी, ये क्या बू है? आपका वो अमेरिकावाला आ गया क्या? शिफ्ट बंद करवा दूँ?"

बघता बघता अख्खी आळी आमच्या दारात. पोरांना घरात कोंडलं गेलं, हंडे झाकले गेले, कुणी म्हणालं दवाखान्यात कळवा, कुणी म्हणालं पोलिसांत. माझी पाचावर धारण बसली. बोंबील म्हणावं तर सासूबाईंचा विश्वास आणि माझी मॅट्रिक दोन्ही एका दमात जाणार!

जनाकाकू मात्र हुशार बाई. "पर तूच म्हनलीस ना, किरणांना वास नसतो?"

"नसतोच," मी म्हणाले. "म्हणजे... अमेरिकेत नसतो. इतक्या लांब उन्हातून येईपर्यंत धरतो थोडा."

हे एव्हाना घरी पोचले होते. दारातच त्यांनी एकदा श्वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी आत नेऊन कानात सगळं सांगितलं. "आईला काय सांगणार तू?"

"तुम्ही सांगा ना."

"मी? मी डबल ड्युटी लावून घेतो!"

पण डबल ड्युटी लागायच्या आतच सासूबाई आल्या. भिवंडीत काहीतरी फुटल्याची खबर कोनपर्यंत गेली होती आणि आमच्या काळजीने त्या मिळेल त्या टेम्पोत बसून निघाल्या होत्या. गर्दीतून वाट काढत त्या आत शिरल्या. शिडी लावली, माळ्यावर चढल्या. खाली मी मनातल्या मनात कल्याणच्या एसटीची वेळ आठवत होते.

त्या उतरल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ उंबऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि कपाळावर हात मारला.

"काय सांगू बायांनो! पेपरात आलेलं ते खरं हाय. किरणं आमच्याच पत्र्यावर पडली! डबे फुटले, सगली मासली नासली. पोर तेवढी वाचली, देवाची किरपा!"

आळी हळहळली. दार लोटून त्या आत आल्या तेव्हा मी रडतच विचारलं, "आई, तुम्ही असं का सांगितलंत?"

"मंग काय सांगू?" त्या दबक्या आवाजात कडाडल्या. "माझ्या सुनेनं सुके बोंबील धुतले? सोडा लावून? आनि ओलेच कोंडले? मला उद्या नलावर उभी करतील का कोनी? अमेरिका मोठी हाय, तिला एक डाग वाढला तर काय होतंय! झाकली मूठ सव्वा लाखाची. डोलं पूस आनि गप बस."

युसूफभाईंनी लगेच दोन माणसं देऊन डबे गावाबाहेर खोल पुरायला पाठवले. आणि संध्याकाळी जनाकाकू सूपभर बोंबील घेऊन आल्या. त्यांच्या मागे प्रत्येक घरातून कुणी ओंजळभर सोडे, कुणी वाटीभर सुकट. किरणग्रस्त कुटुंबाला आळीची मदत! सासूबाई पदराने डोळे टिपत एकेक वाटी घेत होत्या आणि माझी मान काही वर होत नव्हती. त्या पावसाळ्यात आमच्याकडे नेहमीपेक्षा जास्त मासळी होती. प्रत्येक घास मला बोचला. (तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, ते वेगळं.)

सासूबाई गेल्या, मागून हेही गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आळीतली जुनी माणसं अजूनही पोराबाळांना सांगतात, की एका वर्षी अमेरिकेची किरणं भिवंडीपर्यंत आली होती, विचारा त्या कुंदाआजीला, तिच्या डोळ्यांदेखत झालंय सगळं. पोरं माझ्याकडे भक्तिभावाने बघतात आणि मी गंभीरपणे मान हलवते. अमेरिकेवर जगाने आजवर नाही नाही ते आरोप केलेत. त्यातला निदान एक साफ खोटा आहे, याची साक्ष द्यायला पृथ्वीवर मी एकटीच उरलेय. पण माझ्या सासरची अब्रू आहे, अमेरिकेने आपलं आपण बघावं!