बिसीच

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, इंग्रजीच्या पुस्तकात एक कविता होती, तिच्यात ‘बिसीच’ हे क्रियापद होतं. पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. पालघरच्या शाळेत मी नवी नवी इंग्रजीची बाई, त्यामुळे तोरा भारी. वर्गाला सांगितलं, हा शब्द बाजारात कुणी वापरत नाही, जुन्या कवितांत आणि प्रार्थनांत भेटतो. राजाच्या पायाशी, देवापुढे, सोडून चाललेल्या माणसापुढे. अर्थ, कळवळून विनवणे. मग म्हटलं, घरून आपापलं वाक्य करून आणा.

बहुतेकांनी वाक्यात गुरुजींकडे सुट्टी मागितली होती. एक मुलगी दातिवऱ्याची, मासेमाऱ्याची, पालघरला मामाकडे राहून शिकणारी. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की, माझ्या आईने लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला दिल्या, अशी ती समुद्राला ‘बिसीच’ करते. नवरा सुखरूप परतावा म्हणून त्यांच्यात बायका तो हात मोकळाच ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी तांबड्या शाईने फुली मारली आणि हे देणं झालं, मागणं नव्हे, असं वर सुनावलंही.

ती हळूच म्हणाली, “नुसता मागून दर्या आयकत नाय, बाई. आदी कायतरी द्यावा लागते.”

वर्ग हसला. मीही हसले.

दिवाळीनंतर तिच्या बापाची होडी परत आली नाही. महिन्याभराने आई शाळेत दाखला न्यायला आली. मामा मुलीला ठेवून घ्यायला तयार नव्हता, आणि पालघरात दुसरं कुणी नव्हतं. परीक्षा तोंडावर आलेली. मी त्या बाईला परोपरीने विनवलं. मुलगी हुशार आहे, थोडेच महिने राहिलेत, तिचं वर्ष घालवू नका. बोलताना माझे डोळे भरून आले, आणि ते काही नाटक नव्हतं. पण स्टेशनामागे माझ्या दोन खोल्या होत्या, मी एकटी राहत होते, आणि ‘तिला माझ्याकडे राहू दे’ एवढं वाक्य काही माझ्या तोंडून निघेना. घरमालक काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील, मासळीचा वास. हो, वाससुद्धा मनात आला. आज लिहून टाकते.

आईने सगळं ऐकून घेतलं. आता तिच्या डाव्या हातातही बांगड्या नव्हत्या.

“मी तं देऊन मागितला व्हता, बाई,” ती म्हणाली. “तरी नाय आयकला त्यानं.”

मुलगी दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी काही बोलेन म्हणून पाहिलं असावं, असं मला अजून वाटतं आणि अजून लाज वाटते. मी कोरा दाखला पुढे ओढला.

वर्गशिक्षिका म्हणून दाखला मीच भरला. शाळा सोडण्याचं कारण म्हणून ‘घरची अडचण’ असं लिहिलं. अडचण माझ्या घरची होती.