परण्यातली गाडी आणि ट्रॅक्टरचं तेल

ब्रेकचं तेल कमी दिसलं म्हणून मी त्यात ट्रॅक्टरचं तेल ओतलं. यामागे विचार होता, हे आधीच सांगून ठेवतो. गाडीचे ब्रेक हायड्रॉलिक, ट्रॅक्टरची लिफ्टही हायड्रॉलिक. त्यातून दुकान बंद, आणि ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा गोठ्यात समोरच. जे तेल नांगर उचलतं, त्याला चार चाकं थांबवणं काय जड?

गाडी माझ्या सासऱ्यांची. ते गेल्यावर देऊळगाव राजाला साळ्याकडे ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून चिखलीला आमच्या अंगणात आली. मला गाड्यांतलं कळतं असा सासुरवाडीत समज होता. तो मीच पसरवला होता.

साळ्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि नवरी निघाली आमच्याच चिखलीची. लग्नाआधी आमच्याकडे परण्या असतो. नवरदेव मारुतीच्या पाया पडतो आणि तिथून वाजतगाजत मंडपात येतो. बायकोनं भावाला फोनवर सांगून टाकलं, "घोडा नको न् भाड्याची गाडीबी नको. पोरगा बाबांच्या गाडीत बसून मंडपात जाईन." फोन ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "जाईन ना हो?"

"जाईन म्हणजे? पळन!"

पळायचं राहिलं बाजूला. तेल घातल्यावर दोन दिवसांत गाडी अशी चालू लागली, जसं कोणी मागून तिचा पदर धरलाय. बाजारापर्यंत एक चक्कर मारली की चाकं तापायची. पाण्याचा थेंब टाकला तर फोडणीसारखा चर्र वाजायचा. या जुन्या ब्रेकचं काम तसं साधं. चाकामागच्या ड्रममध्ये दोन शू असतात. पाय दाबला की तेल त्यांना ड्रमवर रेटतं, पाय काढला की स्प्रिंग त्यांना मागे ओढते. आमचे शू रेटले जायचे, मागे यायचं नाव घेत नव्हते.

मी आधी हँडब्रेकची वायर ढिली केली. मग शू सैल केले. जॅकवर चाक मस्त फिरलं. घरच्यांना बोलावून ते दाखवलंही. संध्याकाळी ब्रेक चार वेळा दाबला आणि पुन्हा तेच. मिस्त्री आला, वास घेतला, म्हणाला, "शू घासून राह्यले, सायेब. स्प्रिंगा मेल्या. तेल कसं हाये?"

"परवाच टाकलं. ताजं."

आता यात खोटं काय होतं? त्यानं नव्या स्प्रिंगा बसवल्या आणि आम्ही दोघांनी समाधानानं चहा घेतला.

लग्नाच्या दिवशी गाडी झेंडूच्या माळा घालून मारुतीपर्यंत गेली. परण्यात गाडीला वेग लागत नाही, लोक पुढे नाचत असतात. माझी अब्रू तेवढ्यावर टिकली होती. पण नाचणारे अंगावर येतात म्हणून पावलोपावली ब्रेक दाबावा लागत होता. मंडप समोर दिसायला लागला आणि गाडीनं जागा धरली. क्लच सोडला की इंजिन गुरगुरून बंद. तिकडे मंडपातून भोंगा ओरडत होता, "नवरदेवानं लवकर मंडपात यावं, मुहूर्त जवळ आलेला आहे!"

साळा खिडकीशी आला. "दाजी, काऊन थांबले?"

"पोरायले नाचू दे ना थोडं."

पोरं नाचली. भटजींचा निरोप आला. पोरं अजून नाचली. बायकांच्या घोळक्यातून बायको माझ्याकडे पाहत होती.

शेवटी पाना घेतला, उतरलो आणि फेट्यासकट गाडीखाली आडवा झालो. बँडवाल्याला वाटलं दाजी नाचायला झोपले. त्यानं लगेच नागिणीची धून धरली आणि दोन पोरं माझ्या पायांशी फणा काढून डोलायला लागली. मी चाकामागचं तेल सोडायचं निपल सैल केलं, तर तेलाची चिळकांडी थेट सदऱ्यावर. आणि एकच निपल सोडलं तरी चारही चाकं मोकळी! म्हणजे शू निर्दोष, स्प्रिंगा निर्दोष. दाब तेलातच अडकला होता. मी बोटाला लागलेलं तेल हुंगलं. गोठ्याचा वास आला. बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाचं झाकण काढलं, तर आतलं रबर भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं टम्म. ट्रॅक्टरच्या तेलानं आतली सगळीच रबरं फुगून तेलाला परतीची वाट देत नव्हती.

निपल आवळलं. आता ब्रेकवर पाय ठेवला की पुन्हा सगळं जाम. म्हणून इंजिन बंद ठेवलं, पाय आखडून बसलो आणि पोरांना ओरडलो, "लोटा बे!" पोरांनी आरोळ्या ठोकत गाडी लोटली. नवरदेव मुहूर्ताला मंडपात पोचला.

पंगतीत साळा माझ्या पानात आग्रहानं जिलबी वाढत म्हणाला, "दाजी, मानलं तुमच्या घरच्या रिवाजाले!" मला काही कळलं नाही. मी हसलो, जिलबी खाल्ली.

तो पुढे गेल्यावर बायको शेजारी वाकली. "मी दादाले सांगतलं, नवरदेवाची गाडी लोटतच नेतात, असा तुमच्या घराण्याचा रिवाज हाये. त्याले लई आवडला. आता पुढच्या साली त्याच्या धाकट्या पोराचंबी लग्न हाये. तवरोक त्या ब्रेकले हात लावू नका."