ढिगाऱ्यावरचा पत्रा

म्हसळ्याकडच्या एका बंद बॉक्साइट खाणीच्या टाकाऊ मातीचा ढिगारा अंबाजीच्या घरामागेच होता. बायको जनी गेलेली, मुलगा गणराज कळंबोलीला. म्हातारा मांजराशी बोलायचा, आणि ते मेलं मांजरही फार वेळ थांबायचं नाही.

मग क्षिप्रा आली. श्रीवर्धनच्या सुपारीवाल्यांची पोरगी, ढिगारे घसरतात का ते उपग्रहावरून बघणारी. तिने ढिगाऱ्यावर पत्र्याचा एक तिकोनी कोपरा घट्ट रोवला.

"काका, हा उपग्रहाला ढगांतूनही दिसतो. हा हलला की माती सरकतेय असं आम्ही समजणार आणि धावत येणार. तेवढा पालापाचोळा झटकत जा."

नंतर पडवीत बसून तिने चहा घेतला, जनीची चौकशी केली. किती दिवसांनी कुणीतरी जनीचं नाव घेतलं होतं!

धावत येणार! झालं, म्हाताऱ्याच्या डोक्यात तेच बसलं. होळी झाली, आंबे संपले, कुणी फिरकलं नाही. शेवटी एका सकाळी त्याने पहार घेतली आणि पत्रा बोटभर सरकवला.

आणि खरंच की हो, जीप आली! क्षिप्राने वर जाऊन पहारीचे वण पाहिले आणि खाली येऊन पडवीत मटकन बसली.

"काका, का केलंत असं?"

"चाय घेतेस ना?" तो चुलीकडे वळला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चहा घेतला, डोळे पुसले, खडूने भिंतीवर आपला नंबर लिहिला. "बोलावंसं वाटलं तर फोन करा. पण पत्र्याला हात लावू नका. खाली माणसं राहतात."

त्याने फोन केला नाही. बोलणार काय, कपाळ? पण पत्र्यालाही पुन्हा शिवला नाही.

श्रावणात तिचाच फोन आला. "काका, पत्रा सरकलेला दिसतोय. परत हलवलात ना? हो म्हणा."

व्हय म्हटलं तर घर राहतं, जनीने लिंपलेल्या भिंती राहतात. न्हाय म्हटलं की माती खरंच सरकतेय, मग घर सोडून गणराजकडे, कळंबोलीची तिसऱ्या मजल्यावरची खोली. खालच्या घरांतून पोरांचा कालवा ऐकू येत होता.

"न्हाय गो बाय," तो म्हणाला. "ह्या टायमाला मी न्हाय."

दुपारपर्यंत जीपा आल्या, पोलीस आले, खालची माणसं गाठोडी घेऊन निघाली. अंबाजीच्या अंगणात एवढी माणसं कधीच जमली नव्हती. त्याने मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

"काका, चला आता!" क्षिप्रा त्याचा हात धरून ओढत होती.

"अगो, उकळलाय चाय," अंबाजी म्हणाला. "कोनीतरी बसा."