डाव्या हाताचा अंगठा

माझे अक्षर वेडेवाकडे आहे. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकले तर माफ करावे. आमच्या घरचे पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी आठवणी लिहाव्यात असे सगळे म्हणतात, पण ते लिहीत नाहीत. ही एक मी लिहून ठेवते, कारण त्या दिवशी मीही ठाण्यात होते.

नव्वदच्या पुढची साले होती. तालुक्याच्या ठाण्यात महिला शिपाई नव्हती. बाईमाणसाची चौकशी असली की मागच्या पोलीस लाईनीतून कुणाच्या तरी बायकोला बोलावत. बहुतेक मलाच बोलावणे यायचे, कारण मी मध्ये बोलत नसे.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या पत्नीला आणले होते. आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर डॉक्टरांच्या मोटारसायकलला जीप धडकली होती. ते नांदेडला दवाखान्यात पडून होते. इकडचा त्यांचा दातांचा दवाखाना बंद पडू नये म्हणून त्यांनी बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले. त्यांच्या जागी बँकेत सही करायची, जागेचे भाडे भरायचे, दुसरा डॉक्टर ठेवायचा, हे अधिकार तिला मिळाले. नांदेडचे एक डॉक्टर बाजारच्या दिवशी येऊन दात बघू लागले.

तक्रार डॉक्टरांच्या धाकट्या भावाची होती. तो कुरुंद्याकडे शेती बघायचा. वहिनीच्या कागदावरची सही खोटी आहे, असे त्याचे म्हणणे. भावाने ते मुखत्यारपत्र रद्द करून आपल्या नावे नवे दिले, असे सांगत तसा कागदही त्याने आणला होता. त्यावर त्याने बँकेतून पैसे उचललेही होते. आता त्याला दवाखान्यातली दात तपासायची खुर्ची विकायची होती.

बाई आत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "साहेब, आज बाजार आहे. डाक्टर येऊन ओट्यावर थांबले असतील. मला बसवा दिवसभर, पण ही किल्ली तेवढी पाठवा. लोक गाल सुजवून बसलेत."

दीर हसला. "बघा साहेब! बेड्या पडायची वेळ आली अन् हिला दवाखान्याची पडली. उद्या वहिनी दात बी उपटतील!"

"दात डाक्टर काढतात, भाऊजी. मी दार उघडते. ते बरे होऊन येईपर्यंत दार उघडं राहील, मी आत गेले तरी."

फौजदार साहेबांनी किल्ली शिपायाकडे दिली आणि जबाब सुरू केला.

"सही इतकी वाकडी काहून?"

"त्यांच्या डोक्याला मार आहे, उजवा हात कापतो. त्याच हातानं केली."

"मग अंगठा द्यायचा. बराबर उमटला असता."

"वकील तेच म्हणले. डावा हात तर बोटाच्या टोकापर्यंत पलस्तरात. उजव्याचा घेऊ म्हणलं, तर मी डाक्टर हाय, अंगठा देणार न्हाई, म्हणून अडून बसले. पाच वेळा पेन मधीच टेकलं, पण सहीच केली."

आमचे हे टेबलाशी उभे होते. त्यांनी दिराचा कागद उचलून साहेबांपुढे धरला. निळ्या शाईचा अंगठा, आणि खाली लिहिलेले होते, डाव्या हाताचा.

साहेबांनी कागद आपल्याकडे ठेवून घेतला. दोघांनाही थांबवून घेतले आणि ह्यांना त्याच वेळी नांदेडला पाठवले. बाईंना मी घरी नेऊन भाकरी वाढली. अर्धी खाल्ली आणि विचारले, "किल्ली पोचली असंल ना?" नवऱ्याचे, दिराचे, कशाचेच विचारले नाही.

हे संध्याकाळी परतले. पलस्तर अपघाताच्या रात्री घातले होते आणि अजून काढले नव्हते, असा तिथल्या डॉक्टरांचा लेखी जबाब आणला. खुद्द रुग्णाने मान हलवून सांगितले की दुसरा कागद आपण पाहिलाही नाही.

साहेबांनी दिराला समोर बसवले. "अंगठा कुणाचा?"

"माझाच हाय, साहेब."

"मग उजव्याचा काहून न्हाई लावला?"

"बाईचा उजवा, गड्याचा डावा. तलाठ्याकडं, सोसायटीत, समदीकडं डावाच घेत्यात. मी बराबर केलं म्हणलं..."

ठाण्यात कुणाला हसू आले, कुणी तोंड फिरवले. मला त्याची कीव आली. साहेब नंतर ह्यांना म्हणाले, "जमादार, आपण सहीच बघत बसलो असतो. कागद खरा की खोटा ते नंतर बघावं. आधी बघावं, कोण काम चालू ठेवायला झटतंय अन् कोण विकायला." हे पुढे नव्या शिपायांना तेच सांगत.

खटला बरीच वर्षे चालला. डॉक्टरांचा हात पुरता सुधारला नाही. ते शेजारी बसून सांगत आणि नांदेडचे डॉक्टर काम करत. पण दवाखान्याचे दार एकाही बाजाराला बंद राहिले नाही. दीर दर साली हळद विकली की बँकेतून उचललेले पैसे थोडे थोडे आणून देई.

शेवटचा हप्ता घेऊन तो आला त्या दिवशी मी कवळीचे माप द्यायला तिथे बसले होते. बाईंनी पैसे मोजले नाहीत. पावती फाडून त्याच्या हातात दिली.

"फिटलं, भाऊजी. पुरं फिटलं."