अक्का आणि अकराची बैठक

अक्कासारखं दुसऱ्याला थांबवून ठेवणारं माणूस मी पाहिलं नाही. साक्री तालुक्यातल्या त्या डोंगराकडच्या गावात आमची जीप उभी राहिली, की ती पदर खोचून पुढे यायची आणि म्हणायची, "थांबा जरासा." तिचं 'जरासं' म्हणजे दिवस मावळेपर्यंत.

मी मूळची जळगावची, मेहरूणची. धुळ्याच्या एका संस्थेत साहेबांचं म्हणणं गावोगाव अहिराणीत सांगायची माझी नोकरी. म्हणणं असं: गावामागच्या उतारावरचं जंगल राखायचं, झाडं जो कार्बन धरून ठेवतात त्याचा मोबदला गावाला द्यायचा आणि त्यासाठी तिथली चराई बंद करायची. गावाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असा नियम. विचारायला आम्ही जायचो सकाळी अकराला. समाजमंदिरात चार म्हातारे आणि अक्का. बाकी गाव बकऱ्या घेऊन त्याच उतारावर!

"ज्या डोंगरवर शेतस त्यासले इचारा ना," अक्का म्हणायची. "दिन बुडना का बठ्ठा येतीन." मी साहेबांना मराठीत सांगायचे: जे डोंगरावर आहेत त्यांना विचारा, दिवस बुडाला की सगळे येतील.

साहेबांना अंधाराआधी धुळं गाठायचं असे. बैठक संध्याकाळी ठेवा म्हटलं की 'बघू'. त्या 'बघू'नं माझं डोकं फिरायचं. अक्काचाही राग यायचा. एकदा वैतागून म्हटलं, "अक्का, तूच सांगी दे ना बठ्ठासकरता."

"मन्या चारच बकऱ्या शेतस," ती स्वतःकडे बोट करत म्हणाली. "मी तेवढंच सांगसू."

शेवटच्या बैठकीला तिनं साहेबांना चहा, शेंगा, पुन्हा चहा करत पार संध्याकाळपर्यंत बसवलं. शेवटी ते उठलेच. अक्का जीपला आडवी गेली. "ती दखा धूय. उनात त्या!" ती धूळ दिसतेय, आले ते, असं मी साहेबांना सांगेपर्यंत ड्रायव्हरनं तिला वळसा घातला. वेशीवर बकऱ्यांनी रस्ता भरला होता आणि मागून येत होती तीच माणसं, ज्यांना विचारायला आम्ही आलो होतो. "साहेब, थांबा ना," मी म्हटलं.

"चर्चा झालीय, मॅडम."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. त्या बिचाऱ्यांनी बकऱ्या बाजूला घेऊन आम्हाला वाट दिली. तो हॉर्न आठवला की आजही अंगाची लाही होते.

पावसाळ्याआधी उताराला तारेचं कुंपण पडलं. लोकांनी बकऱ्या विकल्या, अक्कानंही. त्यानंतर मी एकटीच एसटीनं गेले, सकाळीच. समाजमंदिराच्या ओट्यावर ही गर्दी. अक्का भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं सरकून मला जागा दिली.

"आते कव्हय बी ये, सकायले, दुपारले," ती म्हणाली. "बठ्ठा घरच शेतस."